५०० एमबीपीएसची खासगी लिंक, बॅकअप मात्र ७० नेच सरकतोय. कुठे अडलंय?

इंद्रायणीकाठ | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सर्व्हर आणि नेटवर्क बघतो. दीड वर्षापूर्वी आमची ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार चालतो ते सॉफ्टवेअर, ॲमेझॉनच्या क्लाउडवर मुंबई रीजनमध्ये हलवली. त्यासाठी डायरेक्ट कनेक्ट, म्हणजे ॲमेझॉनपर्यंतची खासगी लिंक, घेतलं. पोर्ट स्वतःचं नाही, एका लिंक पार्टनरकडून ५०० एमबीपीएसचं होस्टेड कनेक्शन आहे. आमच्या सर्व्हर रूममध्ये फायबर १ जीबीपीएसच्या पोर्टवर उतरतं आणि मर्यादा ५०० ची.

मशीनच्या डेटाचा डेटाबेस अजून कारखान्यातच आहे. त्याचा रोजचा साधारण ३०० जीबीचा बॅकअप रात्री १० ला सुरू होतो आणि मुंबईतल्या एका सर्व्हरवर जातो. ५०० च्या लिंकवर दीड तासाचं काम. पण तो संपतो सकाळी साडेसातला, म्हणजे सरासरी ७० एमबीपीएस. पहिली पाळी सातला लागते. त्या अर्ध्या तासात स्टोअरमधल्या लोकांना माल आवक नोंदवायला एकेका स्क्रीनसाठी मिनिटभर थांबावं लागतं आणि गेटवर ट्रक खोळंबतात. हे रोजचं झालंय.

पार्टनरकडे तीन तिकिटं टाकली. तिन्ही वेळा आलेख पाठवून उत्तर आलं, "लिंक १५ टक्केसुद्धा वापरली जात नाही, आमच्या बाजूने सगळं ठीक आहे." आता वरिष्ठ म्हणताहेत, सरळ १ जीबीपीएस घेऊन टाका. शुक्रवारी कोटेशनवर सही आहे. पैसा कंपनीचा असला तरी तो वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं. जी लिंक १५ टक्के भरते ती दुप्पट रुंद करून काय होणार? नक्की काय तपासू?

पहाटपाळी | सोमवार, रात्री ११:४१

आधी एक खात्री करा. बॅकअप ईसी२ वर (ॲमेझॉनचे भाड्याचे सर्व्हर) जातोय की एस३ मध्ये (त्यांची फायली साठवायची सेवा)? लोक खासगी लिंक घेतात आणि एस३ चा ट्रॅफिकही त्याच वाटेने जातो असं धरून चालतात. तसं आपोआप होत नाही. खासगी व्हर्च्युअल इंटरफेसवरून (लिंकवर आखलेली जोडणी) फक्त तुमच्या व्हीपीसीतले, म्हणजे क्लाउडमधल्या तुमच्या खासगी नेटवर्कमधले, खासगी पत्ते दिसतात. एस३ साठी पब्लिक व्हर्च्युअल इंटरफेस तरी हवा, नाहीतर व्हीपीसीत इंटरफेस एंडपॉइंट (सेवेकडे जायचं खासगी दार). गेटवे प्रकारचा एंडपॉइंट कारखान्यातून वापरता येत नाही, तो फक्त व्हीपीसीच्या आतल्यांसाठी. आमच्याकडे चार महिने बॅकअप साध्या इंटरनेटवरून जात होता आणि आम्ही खासगी लिंकला बोल लावत बसलो होतो.

इंद्रायणीकाठ | सोमवार, रात्री ११:५२

ईसी२ वरच जातोय, खासगी आयपीवर. ट्रेसरूट करून पाहिलं, वाट बरोबर आहे. इन्स्टन्स, म्हणजे तिथला भाड्याचा सर्व्हर, एम५ लार्ज.

खाडीपलीकडे | मंगळवार, सकाळी ८:०५

मी बारा वर्षं एका टेलिकॉम कंपनीत ट्रान्समिशन आणि आयपी कोअरला होते, आता ठाण्यातून क्लाउड जोडण्यांचंच काम करते. दादा, सही अजिबात करू नका, निदान शुक्रवारपर्यंत. आज रात्री लिंक मोकळी असताना एवढं मोजून आणा.

आरटीटी, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, किती, आणि तो स्थिर आहे का. मग आयपर्फ३ ने (वेग मोजायचं साधन) चाकणहून मुंबईकडे टीसीपीचा, म्हणजे पोचपावती घेत जाणारा, एक प्रवाह, ३० सेकंद. त्यात रिट्रान्समिटचा (हरवल्यामुळे पुन्हा पाठवलेल्या पॅकेटचा) रकाना असतो, तो आकडा मला हवाच. मग आठ समांतर प्रवाह. मग यूडीपीने, म्हणजे पोचपावतीची वाट न बघता, ४५० एमबीपीएस ढकलून किती पॅकेट हरवतात ते. शेवटी हेच उलट्या दिशेने. आयपर्फची आवृत्ती ३.१६ किंवा पुढची घ्या. त्याआधीच्या आयपर्फ३ च्या आवृत्त्या समांतर प्रवाहसुद्धा एकाच थ्रेडवर चालवायच्या, मोठ्या लिंकवर प्रोसेसरच आधी दमायचा आणि दोष नेटवर्कवर यायचा.

मुंबईच्या इन्स्टन्सवर इथटूल या आज्ञेने ईएनए ड्रायव्हरचे (तिथल्या नेटवर्क कार्डचे) काउंटर बघा. "अलाउन्स एक्सीडेड" नावाचे चार-पाच असतात. बँडविड्थचे आणि पॅकेट-दर-सेकंदाचे वाढत असतील तर अडथळा लिंकवर नाही, इन्स्टन्सवर आहे. एम५ लार्जवर "१० जीबीपीएसपर्यंत" लिहिलेलं असतं, पण कायम मिळणारा वेग ०.७५ जीबीपीएस. बाकीचं, कमी वापराच्या वेळी साठलेलं क्रेडिट असेपर्यंत. तुमच्या ५०० ला तेवढं पुरेल, तरी बघून घ्या. आणि तुमच्या फायरवॉलचा एखादाच कोअर शंभर टक्क्यांवर जातोय का, तेही.

इंद्रायणीकाठ | बुधवार, पहाटे १:३०

ताई, बॅकअप तासभर थांबवून सगळं मोजलं.

आरटीटी ६ मिलिसेकंद, स्थिर. एक प्रवाह: ११८ एमबीपीएस, ३० सेकंदांत ४३० रिट्रान्समिट. आठ प्रवाह मिळून: २४० एमबीपीएस, रिट्रान्समिट ५,२००. यूडीपी ४५० वर: ०.०२ टक्के हरवले, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. उलट्या दिशेने एक प्रवाह: २६० एमबीपीएस. इन्स्टन्सचे काउंटर शून्य. फायरवॉलचा एकही कोअर ३५ टक्क्यांवर गेला नाही.

यूडीपी ४५० ने सुखरूप जातं आणि टीसीपी ११८ वर थांबतं, हे मला उलगडत नाहीये.

पहाटपाळी | बुधवार, सकाळी ७:१५

जंबो फ्रेम, म्हणजे नेहमीच्या १५०० बाइटपेक्षा मोठी पॅकेट, लावून पाहिलंत का? व्हर्च्युअल इंटरफेसचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) ९००१ करता येतो. पॅकेटची संख्या सहापट कमी होते.

तांबडी माती | बुधवार, सकाळी ९:३०

जंबोला हात लावण्याआधी माझं ऐका. मी सांगली भागातल्या एका साखर कारखान्याचं नेटवर्क बघतो. गेल्या गळीत हंगामाच्या तोंडावर मी हेच केलं. क्लाउडच्या बाजूला ९००१ केला, आमच्या राउटरवर ९००० केला. लॉगिन होत होतं, वजनकाट्याची छोटी नोंद जात होती. पण ऊस बिलाचा मोठा रिपोर्ट मागितला की स्क्रीन गोठायची. दीड दिवस आम्ही डेटाबेस तपासत होतो.

खरं कारण मधल्या वाटेवर होतं. पार्टनरच्या एका टप्प्यावर १५०० च्या वरचं पॅकेट जातच नव्हतं. अशा वेळी "एवढं मोठं पॅकेट जाणार नाही, लहान करून पाठव" असा आयसीएमपी निरोप यायला हवा. एक तर तो टप्पा लेअर दोनचा, म्हणजे नुसत्या स्विचचा, तो निरोप देणारच नाही. आणि राउटरने दिलाच असता तरी आमच्या फायरवॉलवर कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद केलेलं. छोटी पॅकेट जातात, मोठी नाहीशी होतात, पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही.

म्हणून आधी मोजा. "तुकडे करू नको" ही खूण लावून पिंग करा. १५०० च्या वाटेवर १४७२ बाइटचा पेलोड गेला पाहिजे, ९००१ च्या वाटेवर ८९७३. पार्टनरकडून लेखी घ्या की टोकापासून टोकापर्यंत जंबो चालतो. एमटीयू बदलताना खालचं कनेक्शन जंबोसाठी आधीपासून तयार नसेल तर त्यावरचे सगळेच इंटरफेस ३० सेकंदांपर्यंत तुटू शकतात, तेव्हा चालू पाळीत करू नका. ट्रान्झिट गेटवेमार्गे (अनेक व्हीपीसी जोडणारा मधला टप्पा) जाणार असाल तर कमाल ८५००. आणि व्हीपीसीच्या रूट टेबलात हाताने लिहिलेला स्टॅटिक रूट असेल तर त्या वाटेला १५०० च मिळतं. जंबो फक्त बीजीपीतून (राउटर एकमेकांना वाटा कळवतात ती पद्धत) आपोआप आलेल्या रूटवर.

खाडीपलीकडे | बुधवार, दुपारी १:१०

तांबडी माती यांच्याशी सहमत. जंबोने हेडरचा भार कमी होतो, १५०० च्या फ्रेममध्ये खरा माल साधारण ९५ टक्के असतो, ९००० मध्ये ९९. चार टक्क्यांचा फायदा. ७० चे ४५० त्याने होणार नाहीत.

आता इंद्रायणीकाठ यांच्या आकड्यांकडे येते. मला त्यांच्या पहिल्याच पोस्टमधली एक गोष्ट खटकली होती. लिंक १५ टक्के भरलेली आहे, मग सकाळी सातला ईआरपी का अडते? सरासरी ७० एमबीपीएस चालू असेल तर उरलेले ४३० ईआरपीला मोकळे आहेत. रस्ता मोकळा आणि तरी गाडी अडते, म्हणजे तो आलेख दाखवतोय तसा रस्ता मोकळा नाही.

तो आलेख पाच मिनिटांची सरासरी आहे. सर्व्हर सरासरीने पाठवत नाही. त्याचं पोर्ट १ जीबीपीएसचं आहे, त्यामुळे हातात जेवढा डेटा आहे तो तो पूर्ण १ जीबीपीएसने सोडतो आणि मग पोचपावतीची वाट बघत गप्प बसतो. पुन्हा धाड, पुन्हा शांतता. त्या काही मिलिसेकंदांच्या धाडीत वेग ५०० च्या दुप्पट असतो. समोर होस्टेड कनेक्शनवर मर्यादा लावलेली असते ती पोलिसिंग पद्धतीने. ॲमेझॉनने स्वतःच्या दस्तऐवजातच लिहून ठेवलंय की मर्यादेवर गेलं की जास्तीचा ट्रॅफिक टाकून दिला जातो, आणि त्यामुळे धाडीने येणाऱ्या ट्रॅफिकला सलग येणाऱ्यापेक्षा कमी वेग मिळू शकतो. बहुतेक पार्टनरही आपल्या टोकाला तेच करतात. तिथे रांग नाही. वरचं पॅकेट थांबवून ठेवत नाहीत, फेकतात.

तुमचं यूडीपी का गेलं ते यातच आहे. आयपर्फचं यूडीपी मोजूनमापून, सारख्या अंतराने पॅकेट सोडतं. त्याचा वेग कुठल्याही क्षणी ४५० च्या फार वर जात नाही, म्हणून फेकाफेकी झाली नाही. टीसीपी धाडीने गेलं, पडलं, घाबरून हळू झालं, पुन्हा वाढलं, पुन्हा पडलं.

आणि टीसीपीला थोडंसं पडलेलंही फार लागतं. मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याचं सूत्र मांडलं. वेग साधारणपणे सेगमेंटचा आकार भागिले आरटीटी, गुणिले १.२२, भागिले हरवण्याच्या प्रमाणाचं वर्गमूळ. तुमचा सेगमेंट १,४६० बाइटचा, आरटीटी ६ मिलिसेकंद. हजारात एक पॅकेट पडलं तर उत्तर येतं सुमारे ७५ एमबीपीएस. मागे लिंक ५०० ची असो की ५,००० ची, सूत्रात लिंकची रुंदी कुठेच नाही. (आजच्या क्युबिकला, म्हणजे टीसीपीच्या नेहमीच्या वेग-नियंत्रणाला, हे सूत्र तंतोतंत लागू नाही, पण एवढ्या कमी आरटीटीला फार लांबही नाही.)

ईआरपीचं दुखणं तेच. बॅकअपच्या धाडीने पोलिसरची बादली (त्या क्षणापुरती असलेली मुभा) रिकामी केलेली असते, त्याच क्षणी आलेलं ईआरपीचं चिमुकलं पॅकेट बिचारं फेकलं जातं. छोट्या विनंतीतलं शेवटचंच पॅकेट हरवलं तर मागून कोणी येत नाही जे पाहून समोरच्याला हरवल्याचं कळेल. मग टाइमआउट होईपर्यंत थांबायचं, लिनक्सवर किमान २०० मिलिसेकंद. ६ मिलिसेकंदांच्या लिंकवर २०० चा थांबा. एका स्क्रीनमागे अशा शंभर-दोनशे फेऱ्या असतील तर मिनिट जायला वेळ लागत नाही.

उपाय पैशाचा नाही. तुमच्या राउटरच्या पार्टनरकडे जाणाऱ्या पोर्टवर शेपिंग लावा, म्हणजे जास्तीचं पॅकेट न फेकता रांगेत धरून नेमाने सोडायचं, ४७० एमबीपीएस. पूर्ण ५०० नको, कारण पार्टनर इथरनेट हेडर धरून मोजत असेल आणि तुमचा राउटर न धरता. शेपरमध्ये दोन वर्ग करा. ईआरपी प्राधान्याने, बॅकअप उरलेल्यात. रांगेची खोली २०-३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर पॅकेट पडणार नाहीत पण रांगेतच म्हातारी होतील. राउटर लिनक्सवर असेल तर एफक्यू-कोडेल लावा, तो रांग स्वतःच आटोक्यात ठेवतो. रांग कुठेतरी लागणारच आहे. ती तुमच्या राउटरवर लागली तर आधी कोणी जायचं ते तुम्ही ठरवता.

तांबडी माती | बुधवार, दुपारी १:४५

ताईंनी सांगितलं ते आमच्याकडे शेतात रोज दिसतं. पाटाला एकदम पाणी सोडलं की पहिल्याच वळणावर काठ फुटतो, पाणी रानोमाळ जातं आणि शेवटच्या सऱ्या कोरड्या राहतात. दारं धरणारा माणूस नेमाने सोडतो, तेव्हा तेवढंच पाणी टोकापर्यंत पोचतं. मोटर मोठी बसवून फुटणारा पाट दुरुस्त होत नाही.

इंद्रायणीकाठ | गुरुवार, सकाळी ८:५०

काल संध्याकाळी शेपिंग लावलं, ४७० वर, दोन वर्ग करून. लगेच आयपर्फ केलं. एका प्रवाहाला ४४० एमबीपीएस! तीस सेकंदांत रिट्रान्समिट ३. मी दोनदा पुन्हा चालवून पाहिलं, विश्वास बसेना.

आणि आज सकाळी सातला मी स्वतः स्टोअरमध्ये जाऊन उभा राहिलो. स्क्रीन नेहमीसारख्या उघडत होत्या. तिथल्या मावशी म्हणाल्या, "आज काय केलंत?" दीड वर्षात पहिल्यांदा कोणी असं चांगल्या अर्थाने विचारलं.

पण बॅकअप? ७० चा ८४ झाला, बस. अजूनही पहाटे सहापर्यंत चालतो. आयपर्फ त्याच सर्व्हरवरून ४४० देतं आणि बॅकअप ८४. आता ही दुसरी काय भानगड?

एडिसनकर | गुरुवार, सकाळी १०:१०

न्यू जर्सीतून लिहितोय, इथे रात्र आहे. ८४ हा आकडा वाचून लगेच लिहायला बसलो.

टीसीपीमध्ये पाठवणारा पोचपावती न येता किती बाइट पुढे सोडू शकतो याला विंडो म्हणतात. मूळ हेडरमध्ये त्यासाठी १६ बिटच आहेत, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट. ही मर्यादा उठवायला विंडो स्केलिंग आलं, आरएफसी १३२३, १९९२ सालचं. आता ते सगळीकडे आहे. पण एखाद्या प्रोग्रामने स्वतःच सॉकेटचा बफर ६४ केबी असा ठरवून टाकला असेल तर सिस्टिमची आपोआप वाढणारी विंडो त्याच्यापुरती बंद होते.

६५,५३५ बाइट म्हणजे ५,२४,२८० बिट. ६ मिलिसेकंदांत एकदा एवढे जाऊ शकतात. भागाकार करा, येतात ८७ एमबीपीएस. तुमचा ८४ अगदी त्याच्या कुशीत बसलाय. माझी खात्री आहे, बॅकअप सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये कुठेतरी ६४ केबी लिहिलेलं सापडेल. तुमच्या लिंकला लागते ५०० एमबीपीएस गुणिले ६ मिलिसेकंद, म्हणजे ३७५ केबी. १ एमबी ठेवा.

मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा आमचा आरटीटी २०० मिलिसेकंदांच्या आसपास. तिथे ६४ केबीवर २.६ एमबीपीएस मिळतात. लिंक कितीही महाग असो. १ जीबीपीएस भरायचा तर २५ एमबी वाटेत असावे लागतात, आणि बऱ्याच लिनक्सवर रिसीव्ह बफरची कमाल मर्यादा मूळची ६ एमबी असते, ती वाढवावी लागते. आमच्याकडे लोक एससीपीने (ओपनएसएसएचसोबत येणारी आज्ञा) फायली पाठवायचे आणि ८० च्या आसपास अडकायचे. सिस्टिमचे बफर वाढवूनही फरक पडेना, कारण ओपनएसएसएच आपल्या चॅनेलला स्वतःची २ एमबीची विंडो लावतं. २ एमबी भागिले २०० मिलिसेकंद, ८४ एमबीपीएस. योगायोगाने तोच आकडा, म्हणून नजर खिळली.

खाडीपलीकडे | गुरुवार, सकाळी १०:४०

नेमकं. दोन दोष एकावर एक बसले होते. शेपिंगने वरचा निघाला, खालचा उघडा पडला. आणि उलटा क्रम घेतला असता, म्हणजे आधी विंडो वाढवली असती, तर धाडी आणखी मोठ्या झाल्या असत्या, ईआरपी रात्रभर अडली असती, आणि तुम्ही घाबरून विंडो पुन्हा कमी केली असती. असं मागे फिरलेले लोक मी पाहिलेत.

मांडवीतीर | गुरुवार, दुपारी ३:२०

पणजीहून. आमचं मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरचं एक्सप्रेसरूट, म्हणजे त्यांच्या क्लाउडची खासगी लिंक, आहे, तिथेही हेच लागू का? आणि गुगलवाल्यांना?

पहाटपाळी | गुरुवार, दुपारी ४:००

तत्त्व तेच, आकडे वेगळे. एक्सप्रेसरूटवर एमटीयू १५०० धरा, जंबोचा विचार सोडा. तिथे सर्किटच्या आधी व्हर्च्युअल नेटवर्कचा गेटवे बघा. सर्किट २ जीबीपीएसचं आणि गेटवे स्टँडर्ड असला तर तो १ जीबीपीएसच्या आसपास दमतो. हाय परफॉर्मन्सला २, अल्ट्राला १०. फास्टपाथ चालू केलं की डेटा गेटवेला वळसा घालून थेट मशीनकडे जातो, पण ते अल्ट्रा दर्जाच्या गेटवेवरच. गुगलच्या इंटरकनेक्टला एमटीयू १४४०, १४६०, १५०० किंवा ८८९६ यांतून निवडावा लागतो. व्हीपीसीचा आणि जोडणीचा एमटीयू जुळतोय ना, ते बघा.

इंद्रायणीकाठ | शुक्रवार, सकाळी ७:२०

सापडलं! बॅकअप सॉफ्टवेअरच्या एजंटची कॉन्फिगरेशन फाइल, त्यात नेटवर्क बफर ६५,५३५. दीड वर्षापूर्वी बसवून देणाऱ्यांनी जुन्या सर्व्हरवरची फाइल तशीच उचलून ठेवलेली. १ एमबी केलं, एजंट पुन्हा सुरू केला.

काल रात्री १० ला सुरू झालेला बॅकअप ११ वाजून ३८ मिनिटांनी संपला. सरासरी ४०८ एमबीपीएस. मी घरून बघत होतो, बायकोला उठवून सांगितलं.

एडिसनकर, तुम्ही तिकडे रात्र जागून लिहिलंत. ताई, तुमच्या प्रत्येक वाक्याचं मी टिपण काढलंय. आज सकाळी वरिष्ठांना आकडे दाखवून कोटेशन परत पाठवतोय.

पहाटपाळी | शुक्रवार, सकाळी ९:००

मनापासून अभिनंदन. वाचलेल्या पैशाचं काय करायचं ते सुचवतो. तुमची लिंक एकच आहे ना? दुसरी घ्या, वेगळ्या पार्टनरची, वेगळ्या वाटेने येणारी. चाकण ते मुंबई रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आत आहे. फायबरमध्ये शंभर किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद लागतो. म्हणजे तुमच्या ६ मिलिसेकंदांत बराच भाग वळशांचा आणि मधल्या उपकरणांचा आहे. पावसाळ्यात रस्त्याचं खोदकाम किंवा दरड, काहीही झालं की लिंक फायबरच्या रिंगवर उलट्या, लांबच्या वाटेने फिरते आणि तोच आरटीटी दुप्पट-तिप्पट होतो. आरटीटी नोंदवत राहा, वाट बदलली की लिंक तुटण्याआधी तिथे दिसतं. आणि आरटीटी वाढला की विंडोची गरजही त्याच पटीत वाढते, म्हणून १ एमबी ठेवलंत ते बरं केलंत.

दुसरी लिंक घेतली की बीएफडी (वाट तुटल्याचं झटपट ओळखणारी तपासणी) लावा. नुसत्या बीजीपीवर राहिलात तर होल्ड टाइमर ९० सेकंदांचा, म्हणजे मधेच फायबर तुटलं आणि तुमचं पोर्ट वरवर चालू दिसत राहिलं तर दीड मिनिट पॅकेट अंधारात जातात. ॲमेझॉनच्या बाजूला बीएफडी आधीच तयार असतं, पण तुमच्या राउटरवर लावल्याशिवाय कामाला लागत नाही. ३०० मिलिसेकंद, तीन वेळा चुकलं की वाट बंद. सेकंदाच्या आत दुसरीकडे.

स्वस्तात म्हणून व्हीपीएन ठेवणार असाल तरी चालेल, एका टनेलला १.२५ जीबीपीएसपर्यंत मिळतात, तुमच्या ५०० ला पुरे. पण दोन्हीकडून जाहीर केलेले प्रिफिक्स (तुमच्या पत्त्यांचे गट) सारखे ठेवा. आमच्याकडे खासगी लिंकवर /१६ (मोठा गट) आणि व्हीपीएनवर /२४ (छोटा, जास्त नेमका गट) जाहीर होत होतं. जास्त नेमका रूट नेहमी जिंकतो, त्यामुळे परतीचा सगळा ट्रॅफिक मुकाट्याने व्हीपीएनवरून येत होता. जाताना एक वाट, येताना दुसरी, आणि फायरवॉल अधूनमधून सेशन तोडायचा. आणि प्रिफिक्स जोडून मोठे करून जाहीर करा. खासगी इंटरफेसवर शंभराच्या वर गेलात तर बीजीपी सेशनच खाली जातं.

तांबडी माती | शुक्रवार, सकाळी ११:३०

मीही काल रात्री आमच्या २०० च्या लिंकवर शेपर बसवला, १९० वर. एका प्रवाहाला ६० मिळायचे, आता १७५. हंगाम सुरू व्हायला अजून वेळ आहे, तोवर निवांत तपासून घेतो. एक विचारायचं राहिलं. इंद्रायणीकाठ, रिस्टोअर करून पाहिलंत का? तुमचा उलट्या दिशेचा आकडा २६० होता. तुमचा राउटर फक्त जाणाऱ्याला आकार देतो, मुंबईहून येणारं तसंच धाडीने येणार.

खाडीपलीकडे | शुक्रवार, दुपारी १२:०५

हा प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत. ज्या दिवशी कारखान्यातली डिस्क जाईल त्या दिवशी हीच दिशा लागणार आहे आणि तेव्हा मोजायला वेळ नसेल.

येणाऱ्या दिशेला राउटरवर आकार देऊन उपयोग नाही, पॅकेट त्याआधीच पडलेलं असतं. पाठवणाऱ्यावरच वेग बांधायचा. मुंबईच्या लिनक्स इन्स्टन्सवर एफक्यू नावाचा क्यू-डिसिप्लिन (रांगेचा नियम) लावा, तो प्रत्येक प्रवाहाची पॅकेट सारख्या अंतराने सोडतो. त्यात एका प्रवाहाची कमाल मर्यादाही देता येते, ४५० द्या. रिस्टोअर चार प्रवाहांनी चालत असेल तर प्रत्येकी ११०. सोबत कंजेशन कंट्रोल (टीसीपीचं वेग-नियंत्रण) बीबीआर करून पाहू शकता, गुगलने २०१६ मध्ये आणलेलं. ते पॅकेट पडण्यावर न जाता स्वतः वेग मोजून तेवढ्यानेच पाठवतं. पण आधी नुसतं एफक्यू लावून मोजा. एका वेळी एकच बदल.

इंद्रायणीकाठ | रविवार, सायंकाळी ६:४५

आज कारखाना बंद होता, म्हणून पूर्ण ३०० जीबी एका रिकाम्या सर्व्हरवर परत आणून पाहिला. एफक्यूशिवाय सुरू केला तेव्हा २५० च्या आसपास डुलत होता. वीस मिनिटांनी थांबवला, एफक्यू लावलं, प्रवाहाला ४५० ची मर्यादा दिली, पुन्हा पहिल्यापासून. एक तास ३६ मिनिटं, सरासरी ४१६ एमबीपीएस. डेटाबेस उघडला, शेवटच्या पाळीच्या नोंदी मोजल्या, सगळ्या होत्या.

बीबीआर अजून लावलं नाही. दुसऱ्या लिंकचा प्रस्ताव उद्या देतोय, त्यात "पोलिसिंगची बर्स्ट मर्यादा किती, ते लेखी द्या" ही ओळ पहिलीच टाकली आहे.